झेंडा अडकला होता

ही गोष्ट मी सांगायची टाळली. वर्षानुवर्षं टाळली. कुणी विषय काढला की उठून पाणी प्यायला जायचो. बायकोला अर्धी सांगितली. पोरांना तेवढीही नाही. आता सत्तरी उलटली. आता लिहितो आहे. मला कुणी लिहायला सांगितलेलं नाही आणि वाचून कुणी मला चांगलं म्हणावं असंही यात काही नाही.

लातूरपासून सुरू करतो.

लातूरला आमच्या वाहिनीचं ब्युरो ऑफिस होतं. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांचे तालुका प्रतिनिधी तिथं मीटिंगला जायचे. मी लोहा तालुक्याचा, नांदेड जिल्ह्यातला. तेव्हा साठीला टेकलेला. उभा जन्म पेपरला बातम्या दिल्या, टीव्हीत मात्र नवा. मीटिंगच्या आधी एका रास्ता रोकोवर माझा पहिला लाइव्ह झाला होता. मी खूश होतो. इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो.

साहेबांनी, म्हणजे ब्युरोच्या प्रमुखांनी, माझा तो लाइव्ह भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावला. साहेब माझ्या थोरल्या पोराच्या वयाचे, पुण्याहून आलेले. पडद्यावर निवेदिकेनं विचारलं, "आंदोलन अजून सुरू आहे का?" पडद्यावरचा मी म्हणालो, "हाव मॅडम, लई गर्दी हाय."

खोली हशानं फुटली. एकजण तर टेबलावर डोकं ठेवून हसत होता. साहेबांनी ते वाक्य परत लावलं. परत हशा. परत लावलं.

"काका, उभे राहा जरा."

मी उभा राहिलो. त्यांनी टीव्हीचा रिमोट माझ्या हातात दिला.

"हा माइक समजा. आता म्हणा. हाव नाही. नक्कीच."

"नक्कीच."

"मोठ्यानं. नक्कीच, मॅडम. हसू नका रे, काकांची शाळा चाललीय."

मी मोठ्यानं म्हणालो. रिमोट तोंडापुढे धरून. ज्यांना मी बातमी लिहायला शिकवली त्यांच्यातले दोघं त्या टेबलाभोवती बसले होते. तेही हसत होते. मीही हसलो. अपमान होत असताना हसायची सवय आम्हाला आईच्या दुधातून असते.

मग साहेब गंभीर झाले. "स्टुडिओतून काहीही विचारू देत. पहिला शब्द नक्कीच. मग तुम्हाला काय सांगायचं ते सांगा. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे, स्टुडिओ आणि रिपोर्टर एकच बोलतायत."

निघताना मी हळूच विचारलं, "साहेब, टीव्हीवर खालच्या पट्टीत माझं नुसतं पहिलं नाव आलं. आडनाव आलं न्हाई."

"लांब होतं, काका. मावत नाही."

माझं आडनाव तीन अक्षरांचं आहे. आमच्या भागात ते ऐकलं की माणसाला लगेच कळतं, हा मांगवाड्यातला. माझा बाप हलगी वाजवायचा. बाकीच्यांची पाच-पाच अक्षरं पट्टीत मावत होती.

मी काय केलं? भांडलो? नाही. घरी आलो आणि आरशासमोर नक्कीच म्हणायचा सराव केला.

तो शब्द अंगात मुरला. तुम्हीही टीव्ही बघता तेव्हा ऐकता. गावोगावचे आम्ही, कानात बोट घालून, उन्हात उभे, पहिला शब्द नक्कीच. बाजारात मेथीवालीनं विचारलं, "दोन जुड्या बांधू का, दादा?" मी म्हणायचो, नक्कीच. बायको म्हणायची, "तुमच्या तोंडाला काय झालंय?"

आता हबीब.

हबीब माझ्या गावचा. लोह्यापासून जवळच आमचं गाव. हबीब वीज मंडळात वायरमन होता. मी त्याला हबीब म्हणायचो, तो मला 'पेपरवाले' म्हणायचा. आम्ही एका वर्गात होतो. आमच्या वस्तीत तार तुटली तर बाकीचे वायरमन वस्तीच्या तोंडाशी उभे राहून हात करायचे, तिकडून ओढा, इकडून बांधा. हबीब आमच्या पत्र्यावर चढायचा. घामानं भिजून खाली यायचा आणि माझ्या बायकोला म्हणायचा, "वहिनी, साखर जास्त टाका, करंट उतरून राहिला अंगातून." उंचावर काही अडकलं की गावाला त्याचीच आठवण. मंदिरावरचा भोंगा असो, पाण्याच्या टाकीचं झाकण असो, कुणाचा पतंग असो. निवृत्त झाला तरी हाक त्यालाच.

बाहेरच्यांना सांगावं लागतं, मराठवाड्यात झेंडा वर्षातून एकदा जास्त लागतो. पंधरा ऑगस्टला देश सुटला, आम्ही सुटलो नव्हतो. आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आमची सुटका झाली पुढच्या वर्षी, सतरा सप्टेंबरला. म्हणून त्या दिवशी आमच्याकडे गावोगाव झेंडावंदन असतं.

त्या सतरा सप्टेंबरला ग्रामपंचायतीसमोर सगळं गाव होतं. सरपंचानं दोरी ओढली. फुलं बांधलेलं गाठोडं वर गेलं, अर्धं उघडलं आणि अडकलं. दोरी कप्पीवरून उतरली होती. झेंडा वरही जाईना, खालीही येईना, पुरता उघडेनाही. पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं होतं. मास्तर ओरडले, "थांबा रे, अजून न्हाई फडकला!" अर्धी पोरं थांबली, अर्धी म्हणत राहिली. सरपंच घामाघूम. कुणीतरी म्हणालं, "हबीबला बोलवा."

हबीब गर्दीतच होता. पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी. शिडी आणली. त्यानं चपला काढल्या, बाजूला नीट ठेवल्या आणि चढला. वरून म्हणाला, "सरपंच, लाईन बंद केली का? करंट लागला तर जिम्मेदारी तुमची!" गाव हसलं. गाठ सुटेना. खालून सगळे ओरडायला लागले, "काढ, खाली काढ, परत बांधू!" त्यानं झेंडा सोडवला, छातीशी धरला, एका हातानं शिडी उतरला. सरपंचाच्या हातात दिला. दोरी नीट केली, झेंडा परत बांधला, परत चढवला. फडकला. टाळ्या पडल्या. राष्ट्रगीत पहिल्यापासून झालं.

एवढंच झालं. मी हे सगळं मोबाइलवर घेतलं होतं. सगळ्यात पुढे उभा राहून. वाहिनीचं ओळखपत्र गळ्यात होतं म्हणून मी पुढे होतो. एरवी झेंडावंदनाला आमच्या वस्तीची जागा मागे, हातपंपाजवळ.

मी व्हिडिओ पाठवला. सोबत लिहिलं, 'अडकलेल्या तिरंग्यासाठी निवृत्त वायरमन धावला.' वाटलं, चांगली बातमी आहे. संध्याकाळी कोपऱ्यात कुठंतरी लावतील.

दुपारी साहेबांचा फोन. आवाज वेगळाच. "काका, जबरदस्त. आज प्राइम टाइमची चर्चा तुमच्या व्हिडिओवर. फोनोवर राहा." फोनो म्हणजे फोनवरून थेट बोलणं. कशावर चर्चा, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

संध्याकाळी घरात टीव्हीचा आवाज बंद करून, फोन कानाला लावून बसलो. पडद्यावर चार चौकटींत चार माणसं. दोन पक्षांचे दोन प्रवक्ते, एक निवृत्त अधिकारी, एक इतिहासाचे अभ्यासक. चौघांपैकी एकानंही आमचा तालुका पाहिलेला नव्हता. एकानं तर लोहा लातूर जिल्ह्यात नेऊन ठेवलं. खाली मोठ्या अक्षरांत, 'मुक्तिदिनी तिरंगा कुणी उतरवला?' शेवटी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह लावलं की खोटं बोलल्याचं पाप लागत नाही, ही युक्ती मला पेपरात असल्यापासून माहीत होती.

व्हिडिओतला फक्त एक तुकडा. हबीब शिडीवर, हात झेंड्याला, झेंडा खाली येतोय. त्याच्या टोपीभोवती लाल गोल. परत परत. अडकलेली कप्पी नाही. काढून ठेवलेल्या चपला नाहीत. परत फडकलेला झेंडा नाही. गावाचं हसू मात्र ठेवलं होतं. निवेदक ओरडत होता, "आणि बघा, हे हसतायत! निजाम गेला, पण निजामी मानसिकता गेली का? हा देश ज्यांना आपला वाटत नाही…" मग माझं नाव घेतलं.

"गावातूनच आपले प्रतिनिधी जोडले गेलेत. तुम्ही तिथं उपस्थित होता. तिरंगा भर गर्दीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली उतरवण्यात आला. हे जाणूनबुजून झालं, असं म्हणता येईल?"

"नक्कीच," मी म्हणालो.

पुढे 'पण' येणार होता. पण दोरी अडकली होती. पण आम्हीच सांगितलं. निवेदक म्हणाला, "ऐकलंत! धन्यवाद." फोन कट. मी मुक्या फोनमध्ये कितीतरी वेळ 'पण, पण' करत राहिलो.

पट्टीवर माझं नाव होतं. पूर्ण. आडनावासकट. खाली लिहिलं होतं, 'गावातील मागास समाजाचे ज्येष्ठ पत्रकार, प्रत्यक्षदर्शी.' त्या दिवशी माझं आडनाव मावलं.

बायको दारात उभी होती. "काय बोललात हे? हबीबभाऊबद्दल?"

"सवयीनं निघालं गं."

"मग फोन लावा की परत. सांगा."

मी फोन हातात घेतला. तेवढ्यात साहेबांचाच आला. "काका, कमाल! मुंबईहून कौतुक आलंय. तुम्ही आपले खरे माणूस."

आपले. उभ्या आयुष्यात मला हा शब्द वरच्या कुणी लावला नव्हता. देवळात नाही, पाणवठ्यावर नाही, लातूरच्या टेबलावर नाही. त्या रात्री लागला आणि मी तो ओरबाडून घेतला. फोन लावला नाही. दुसऱ्या कुणाला परका ठरवलं की मला आत घेतात, हे मला कळलं होतं. कळूनही मी आत गेलो.

नक्कीच सवयीनं निघालं, यावर तुम्ही विश्वास ठेवाल. पुढचं सवयीनं झालेलं नाही.

हबीबला ठाण्यात बोलावलं. चौकशीला मलाही. मला खुर्ची दिली, चहा दिला. हबीब भिंतीशी बाकड्यावर. हातात रुमाल, घडी घालत होता, मोडत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "पेपरवाले, तू तर माझ्या पायाशी उभा होतास. सांग की यांना."

अधिकारी सरळ माणूस होता. म्हणाला, "पूर्ण व्हिडिओ आहे का तुमच्याकडे?"

"डेस्कला हाय, साहेब. मुंबईला मागावा लागंल."

व्हिडिओ माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये होता.

मग त्यांनी टीव्हीवरचा तुकडा लावला. आवाज मोठा केला. गर्दीच्या कालव्यात एक आवाज सगळ्यात जवळचा, सगळ्यात स्पष्ट. "खाली घे, हबीब, खाली घे! ओढ!" वाहिनीनं त्याखाली 'चिथावणी कुणाची?' असं लिहिलं होतं.

"हा आवाज कुणाचा?"

मोबाइल माझ्या हातात होता, म्हणून आवाज जवळचा होता. तो माझा आवाज होता.

"ओळखू येत न्हाई," मी म्हणालो.

हबीबनं मान वर केली. तो माझ्या आवाजात लहानाचा मोठा झालेला. माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. त्यानं रुमाल खिशात घातला.

गुन्हा काही लागला नाही. लागणार नव्हताच. त्याला घरी सोडलं. पण टीव्हीनं जे करायचं ते करून झालं होतं. गावातले सगळे तिथं हजर होते, सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी काही दिवसांत त्यांचं पाहिलेलंच बदललं. पारावर एकजण म्हणाला, "मला तवाच वाटलं होतं, लई जोरात वढला त्यानं." हा माणूस शिडी धरून उभा होता! सरपंच म्हणाला, "आता कशाला तोंड घालायचं? टीव्हीवर आलंय म्हणल्यावर आलंय." पोरं हबीबच्या मागे मोबाइल घेऊन फिरायची, चाचा, घोषणा द्या म्हणायची. वस्तीतली तार तुटली तेव्हा आम्ही लोह्याहून माणूस आणला. हबीब घरात बसून होता आणि आम्ही बाहेरून माणूस आणला.

तो गाव सोडून मुदखेडला गेला. मुलगा तिथं रेल्वेत आहे.

मी मुदखेडला गेलो, पण फार उशिरा. उन्हाळा होता. दारात हबीबची बायको, जुलेखाभाभी. तिनं मला ओळखलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"हबीब हाय का, भाभी?"

"हायत. आत बसून ऐकून राहिले."

"मला त्याची माफी मागायची हाय."

"टीव्हीवर बोललात ना, भाई? साऱ्या मुल्काला ऐकू गेलं. आता हितं गल्लीत, दाराशी, बारीक आवाजात माफी मागता? जिथं बोललात तिथं जाऊन मागा. मग या. चहा करते."

आतून खोकल्याचा आवाज आला. हबीब बाहेर आला नाही. मी वळलो.

खरं सांगतो, मला तिचा राग आला. एवढ्या उन्हात आलो, म्हातारा माणूस दारात उभा, आणि ही मला शिकवते. परतीच्या बसमध्ये तो राग माझ्यावर उलटला. दारात येऊन हळू आवाजात माफी मागणं हीसुद्धा माझी चलाखीच होती. गुन्हा चौकात, माफी कोपऱ्यात.

पुढच्या सतरा सप्टेंबरला साहेब स्वतः आमच्या गावी आले. मोठी गाडी, टपावर छत्रीएवढी तबकडी. म्हणाले, "काका, तीच शिडी लावा. एक मुलगा बघा, टोपी घालून चढेल. आपण घटनेचं नाट्य रूपांतर दाखवू. आणि तुमच्या वस्तीतली माणसं आणा, हातात झेंडे देऊन. वंचितांनी राखला तिरंग्याचा मान. कसं वाटतं?"

"साहेब, आमच्या वस्तीला झेंडावंदनाला पुढच्या रांगेत कुणी कधी उभं केलं न्हाई."

"म्हणून तर आज करू!"

मी शिडीला हात लावला नाही. वस्तीत गेलो नाही. माइक हातात घेऊन जिथं उभा करायचा तिथं उभा राहिलो. कानात निवेदक बोलला, "त्या घटनेचा संताप गावात आजही धुमसतोय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

माइक तोंडाजवळ घेतला.

"झेंडा अडकला होता. दोरी कप्पीवरून उतरली होती. हबीबनं जीव धोक्यात घालून सोडवला. आम्हीच म्हणलं खाली काढ. आन् खाली घे म्हणून सगळ्यात मोठ्यानं वरडणारा आवाज…"

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा गेला. घरी बायकोनं पाहिलं, निवेदक म्हणाला, "काही तांत्रिक अडचणीमुळे आपल्या प्रतिनिधींशी संपर्क तुटलाय." आवाज कुणाचा, ते बाहेर गेलंच नाही.

साहेबांनी माइकवरचा वाहिनीचा ठोकळा ओढून काढला. गळ्यातलं ओळखपत्र मीच काढून दिलं. ते म्हणाले, "काका, तुम्ही संपलात."

"हाव," मी म्हणालो.

यात शौर्य नाही. असं समजू नका की म्हाताऱ्यानं शेवटी बाजी मारली. अर्धं वाक्य बोललो, तेही वर्षभर उशिरा. हबीबपर्यंत तेवढंही गेलं नाही. त्यानं घरातला टीव्ही कधीच काढून टाकला होता, हे मला त्याच्या मुलानं सांगितलं. केव्हा सांगितलं? दफन झाल्यावर. हबीब त्याच हिवाळ्यात गेला आणि मला कुणी कळवलं नाही. का कळवावं?

काही भले लोक मला म्हणतात, लिहिताय तर हेही लिहा की हबीबच्या घराण्यानं रझाकारांच्या काळात काय केलं, कुणाला आसरा दिला, म्हणजे लोकांना पटेल तो देशाचा होता. मी नाही लिहिणार. माझ्या आज्यानं मुक्तिसंग्रामात काय केलं, मला कुणी विचारत नाही. सरपंचाच्या आज्यानं काय केलं, कुणी विचारत नाही. हबीबनं आपल्या मेलेल्या आज्याची साक्ष का काढावी? शिडीवर चढायच्या आधी कुणी त्याला दाखला मागितला होता? झेंडा अडकला तेव्हा तो आपला होता. झेंडा सुटला आणि तो परका झाला. मध्ये फक्त एक कात्री होती. ती मुंबईत चालली, पण कापड मी पुरवलं.

आणि ज्या वाहिन्या रोज संध्याकाळी चार चौकटी लावून ठरवतात की या देशाचा कोण आणि कोण नाही, त्यांना मी एवढंच सांगतो. तुमच्या आतली रीत मला माहीत आहे. तुम्हाला साक्षीदार नको असतो. होकार हवा असतो. तो तुम्ही आमच्यासारख्यांकडून घेता, कारण आम्ही आयुष्यभर आत यायला दार वाजवत असतो. मी दिला तसा होकार आज कुठल्या तरी तालुक्यात कुणीतरी देत असेल. बाबा, देऊ नको. ते दार उघडत नसतं.

या सतरा सप्टेंबरला मी ग्रामपंचायतीसमोर उभा राहणार आहे. पुढच्या रांगेत. ओळखपत्राशिवाय. राष्ट्रगीत संपलं की बोलणार आहे. माइक मिळाला नाही तर तसाच. काढ काढ म्हणणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेणार आहे आणि पहिलं नाव माझं असेल, आडनावासकट. कुणी ओढून बाजूला केलं तर पुढच्या वर्षी परत येईन. पूर्ण व्हिडिओ मी गावातल्या प्रत्येक मोबाइलवर टाकला आहे. ज्याला बघायचं त्यानं बघावा.

पण हबीब त्या गर्दीत नसेल. त्यामुळे जे त्याला सांगायचं होतं ते सांगून होणार नाही. मुदखेडला त्या दारात मी एक वाक्य घेऊन गेलो होतो. भाभीनं ते बोलू दिलं नाही, आणि बरोबर केलं. ते इथं लिहून ठेवतो.

हबीब, तो आवाज माझा होता, तू ओळखलास आणि माझं नाव घेतलं नाहीस. मी मात्र तुझ्याबद्दल नक्कीच म्हणालो. मला माफ कर.